एलिझाबेथ झिमरमन

एलिझाबेथ झिमरमन (जन्म : ९ ऑगस्ट १९१०, लंडन, मृत्यू : ३० नोव्हेंबर १९९९, मार्शफील्ड, विस्कॉन्सिन) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकन विणकाम-रचनाकार, लेखिका व शिक्षिका होत्या. लोकरीचे स्वेटर, टोप्या, बाळांचे कपडे आणि शाली यांच्या रचनांसाठी त्या ओळखल्या जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील हाताच्या विणकामाला त्यांनी वेगळे वळण दिले. छापील सूचना ओळीमागून ओळ पाळत जाण्याऐवजी विणणाऱ्याने वस्त्राची घडण समजून घ्यावी आणि आपल्या मापाचा हिशोब आपणच करावा, असा त्यांचा आग्रह होता. टक्केवारीवर आधारलेली स्वेटरची पद्धत, मध्यापासून गोल वाढत जाणारी 'पाय शाल' आणि एकाच तुकड्याला घड्या घालून तयार होणारे बाळाचे जाकीट या त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध रचना होत.

बालपण आणि शिक्षण

एलिझाबेथ यांचे माहेरचे आडनाव लॉइड-जोन्स. त्यांचा जन्म लंडनच्या मेडा व्हेल या भागात झाला. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. विणकामाचे पहिले धडे त्यांना आई व मावश्या-आत्यांकडून मिळाले. इंग्लंडमध्ये विणताना लोकर उजव्या हातात धरून ती सुईवर फेकण्याची रीत होती. पुढे घरी आलेल्या स्विस शिक्षिकेकडून त्यांनी जर्मनी व स्वित्झर्लंडकडील रीत शिकून घेतली. या रीतीत लोकर डाव्या हाताच्या बोटावरून घेतात आणि उजव्या हातातील सुईच्या टोकाने ती ओढून टाका काढतात. हाताची हालचाल कमी होत असल्यामुळे सवय झालेल्या व्यक्तीचे काम या रीतीने भरभर होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मात्र ही परकी रीत चांगली समजली जात नसे.

दोन्ही रीती अंगवळणी पडल्याचा त्यांना पुढे फार उपयोग झाला. दोन रंगांची नक्षी विणताना एक रंग उजव्या हातात आणि दुसरा डाव्या हातात धरता येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी लोकर खाली ठेवून दुसरी उचलावी लागत नाही. दोन्ही हातांनी रंगीत विणकाम करण्याची ही पद्धत त्यांनी आयुष्यभर शिकवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीशी असलेल्या संबंधामुळे डाव्या हाताची रीत इंग्रजीभाषक देशांत मागे पडली होती. अमेरिकेत ती पुन्हा रूढ होण्याचे बरेचसे श्रेय झिमरमन यांना दिले जाते.

शालेय शिक्षण इंग्लंडमधील निवासी शाळेत झाल्यावर त्यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान आणि जर्मनीतील म्युनिक येथे कलेचे शिक्षण घेतले. चित्रकलेची आवड त्यांनी पुढेही जोपासली. त्यांच्या आत्मकथनात त्यांची रेखाचित्रे व जलरंगातील चित्रे समाविष्ट आहेत.

विवाह आणि स्थलांतर

म्युनिकमध्ये असताना त्यांची ओळख आर्नोल्ड झिमरमन यांच्याशी झाली. आर्नोल्ड हे बिअर तयार करण्याच्या व्यवसायातील तज्ज्ञ होते. त्या वेळी जर्मनीत नाझी राजवट होती. हिटलरविषयी काढलेल्या प्रतिकूल उद्गारांमुळे आर्नोल्ड हे गेस्टापो या गुप्त पोलीसदलाच्या रोषास पात्र झाले आणि त्यांना देश सोडावा लागला. १९३७ मध्ये या दोघांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास ते इंग्लंडहून अमेरिकेस गेले.

आर्नोल्ड यांच्या नोकरीनिमित्त कुटुंबाने अमेरिकेत अनेक ठिकाणी बिऱ्हाडे केली. अखेर ते विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे स्थिरावले. मिलवॉकी हे बिअरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले आणि जर्मन वंशाची मोठी वस्ती असलेले शहर होय. तेथे आर्नोल्ड श्लिट्झ या कंपनीत काम करीत. या दांपत्यास तीन अपत्ये झाली. त्यांपैकी मेग स्वॅनसन या पुढे स्वतः नामांकित विणकाम-रचनाकार झाल्या.

संसार आणि मुले सांभाळत असताना एलिझाबेथ यांचे विणकाम चालूच होते. घरच्यांसाठी स्वेटर विणताना त्या प्रचलित नमुन्यांतील शिवणी टाळण्याचे, माप आधीच ठरवण्याचे आणि नको असलेले श्रम वाचवण्याचे मार्ग शोधत राहिल्या. त्यांच्या पुढील कार्याचा पाया या वर्षांत घातला गेला.

मासिकांसाठी रचना

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून झिमरमन अमेरिकन मासिकांना आपल्या रचना देऊ लागल्या. आयर्लंडच्या किनाऱ्यावरील अरन बेटांच्या नावाने ओळखले जाणारे, दोरखंडासारखे पीळ असलेले पांढरे स्वेटर त्या वेळी अमेरिकेत नवलाईचे होते. अमेरिकन नियतकालिकांतून वाचकांसमोर आलेल्या सुरुवातीच्या अरन स्वेटरांपैकी एक झिमरमन यांनी 'व्होग'साठी विणला होता.

मासिकांसाठी काम करताना त्यांना एका अडचणीला तोंड द्यावे लागले. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक नमुने सपाट विणायचे असत. पाठ, पुढचे दोन भाग किंवा एक भाग आणि दोन बाह्या असे तुकडे निरनिराळे विणून शेवटी ते शिवून जोडायचे. झिमरमन आपले स्वेटर गोल सुईवर नळीसारखे विणत. रंगीत नक्षीच्या गोल योकाचा एक स्वेटर त्यांनी अशाच रीतीने करून सूचनांसह पाठवला. छापताना मात्र संपादकांनी त्या सूचना सपाट विणकामाच्या केल्या. वाचकांना गोल विणकाम जड जाईल, अशी समजूत त्यामागे होती.

या बदलाने रचनेचा मूळ हेतूच नाहीसा झाला. गोल विणताना कापडाची सुलट बाजू सतत समोर असते, नक्षी डोळ्यांना दिसत राहते आणि सर्व ओळी सुलट टाक्यांच्याच असतात. सपाट विणताना प्रत्येक दुसरी ओळ उलट बाजूने, उलट टाक्यांनी विणावी लागते. दोन रंग मागून सांभाळत, नक्षी न पाहता काम करावे लागते आणि शेवटी शिवणीपाशी नक्षीचे धागे जुळवण्याचे काम उरते. सोपे करण्याच्या हेतूने केलेला बदल विणणारीचे काम अवघड करून ठेवत होता आणि त्या अवघड कामावर नाव मात्र झिमरमन यांचे असे.

यावर त्यांनी स्वतःच प्रकाशन करण्याचा मार्ग स्वीकारला. १९५८ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांनी आपल्या रचना जशाच्या तशा छापणारे एक छोटे वार्तापत्र सुरू केले. त्यात नमुन्याबरोबर त्यामागचे कारण, चुका टाळण्याच्या युक्त्या आणि घरगुती गप्पांच्या थाटातील मजकूर असे. हे वार्तापत्र १९६८ पर्यंत चालले. १९६९ पासून त्याची जागा 'वूल गॅदरिंग' या नियतकालिकाने घेतली. वार्तापत्राचे अंक पुढे २००५ मध्ये 'द ओपिनियनेटेड निटर' या पुस्तकात एकत्र प्रसिद्ध झाले.

स्कूलहाउस प्रेस

वार्तापत्राच्या वाचकांना गोल सुया आणि शुद्ध लोकर सहज मिळत नसे. सिंथेटिक धाग्यांचा प्रसार वाढत असण्याचा तो काळ होता. झिमरमन या मेंढीच्या लोकरीच्या कट्टर पुरस्कर्त्या होत्या. लोकर ताणली तरी पूर्ववत होते, ओली करून हवा तो आकार देता येतो आणि तिचे टाके एकमेकांना धरून राहतात. हे गुण त्यांच्या अनेक रचनांचा आधारच होते. म्हणून १९५९ मध्ये त्यांनी टपालाने लोकर, सुया व पुस्तके पुरवण्याचा घरगुती व्यवसाय सुरू केला. शेटलंड व आइसलँड येथील लोकर त्यांनी अमेरिकेतील घराघरांत पोहोचवली.

पुढे झिमरमन दांपत्य विस्कॉन्सिनमधील बॅबकॉक या गावाजवळ, शाळेच्या एका जुन्या इमारतीत राहू लागले. त्यावरून व्यवसायाचे नाव 'स्कूलहाउस प्रेस' असे रूढ झाले. याच संस्थेने नंतर झिमरमन यांची व इतर रचनाकारांची पुस्तके प्रकाशित केली. पिट्सव्हिल येथून चालणारी ही संस्था त्यांच्या पश्चातही कुटुंबाकडेच राहिली.

रचनेची पद्धत

झिमरमन यांच्या पद्धतीचा पहिला नियम म्हणजे एका इंचात किती टाके बसतात हे प्रथम मोजणे. कोणतीही लोकर, कोणत्याही सुया आणि कोणाचाही हात चालेल; मात्र नमुन्याचा तुकडा विणून त्यावरील टाके प्रामाणिकपणे मोजले पाहिजेत. छापील नमुन्यात सांगितलेली विशिष्ट कंपनीची लोकर मिळवण्याची सक्ती त्यामुळे उरत नाही. हा नमुना-तुकडा वाया जाऊ नये म्हणून त्या टोपीच विणण्याचा सल्ला देत. टोपी गोल विणली जात असल्याने गोल स्वेटरसाठी तिचे माप अधिक विश्वसनीय ठरते आणि वापरायला एक टोपीही मिळते.

यावर उभी राहिलेली पद्धत 'एलिझाबेथची टक्केवारी पद्धत' म्हणून ओळखली जाते. स्वेटरच्या छातीच्या घेराला लागणारे टाके म्हणजे शंभर टक्के मानायचे. उरलेली सर्व मापे त्याच्या प्रमाणात काढायची. मनगटाशी सुमारे २० टक्के, दंडाशी सुमारे ३३ ते ३५ टक्के, काखेत बाजूला ठेवण्यासाठी सुमारे ८ टक्के आणि गळ्याला सुमारे ४० टक्के टाके लागतात.

उदाहरणार्थ, स्वेटरचा घेर ४० इंच हवा असेल आणि एका इंचात ५ टाके बसत असतील, तर अंगासाठी ४० × ५ म्हणजे २०० टाके घालावे लागतील. मग मनगटाला ४०, दंडाला ६६ ते ७०, प्रत्येक काखेत १६ आणि गळ्याला ८० टाके असा हिशोब होतो. लोकर जाड घेतली आणि इंचात ३ टाके बसले, तर घेराचे टाके १२० होतात आणि इतर आकडे त्याच प्रमाणात बदलतात. अंग व दोन्ही बाह्या अशा तीन नळ्या काखेपर्यंत विणून एकाच गोल सुईवर घेतल्या जातात आणि तेथून गळ्यापर्यंतचा योक अखंड विणला जातो. शिवण जवळपास उरत नाही.

पुढून उघडणारा स्वेटर हवा असला तरी त्या तो आधी बंद नळीसारखाच विणत. नंतर मध्यभागी शिलाईच्या दोन ओळी घालून त्यांच्यामधून कात्रीने कापत. शेटलंड बेटे व नॉर्वे येथील विणकरांची ही जुनी रीत होती. विणलेल्या कापडाला कात्री लावण्याची अनेकांना वाटणारी भीती घालवण्यासाठी त्यांनी लेखनातून व प्रत्यक्ष वर्गांतून पुष्कळ प्रयत्न केले.

आपण काही नवे शोधून काढले असा दावा करणे त्यांना मान्य नव्हते. हजारो वर्षांच्या हस्तव्यवसायात कोणतीही युक्ती पूर्वी कोणाला तरी सुचली असणारच, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे स्वतःला सुचलेल्या युक्त्यांसाठी त्यांनी 'शोध' या अर्थाच्या इंग्रजी शब्दात थोडा बदल करून एक गमतीदार शब्द तयार केला. विस्मृतीत गेलेली गोष्ट पुन्हा हाती लागणे, असा त्याचा आशय आहे.

पाय शाल

झिमरमन यांची सर्वाधिक विणली गेलेली शाल म्हणजे 'पाय शाल'. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'निटर्स अल्मनॅक' या पुस्तकात ती जुलै महिन्याची रचना म्हणून आली आहे. या पुस्तकात वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा प्रकरणे आहेत. जुलै हा तेथील सुटीचा व प्रवासाचा महिना असल्याने, सतत सूचना वाचाव्या न लागणारे आणि गाडीत बसूनही हातात चालू ठेवता येणारे काम म्हणून ही शाल त्यांनी सुचवली.

गोल शाल मध्यापासून बाहेर विणताना तिचा परीघ वाढत जातो, म्हणून टाकेही वाढवत जावे लागतात. रूढ पद्धतीत वर्तुळाचे काही समान भाग पाडून दर एक-दोन फेऱ्यांनंतर प्रत्येक भागात टाका वाढवत असत. त्यासाठी फेऱ्या व भाग यांची सतत मोजदाद ठेवावी लागते. शिवाय वाढीच्या जागा चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात आणि प्रत्येक भागाचे टाके दर वेळी बदलत असल्याने मध्ये नक्षी बसवणे कठीण होते.

झिमरमन यांनी भूमितीतील एका साध्या नियमाचा आधार घेतला. वर्तुळाचा परीघ त्याच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. तेव्हा दर फेरीला थोडे थोडे टाके वाढवण्याऐवजी, त्रिज्या दुप्पट झाली की एकाच फेरीत सगळे टाके दुप्पट करावेत आणि मधल्या फेऱ्या वाढ न करता विणाव्यात, असे त्यांनी ठरवले. परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर दर्शवणाऱ्या 'पाय' या ग्रीक अक्षरावरून शालीला नाव मिळाले.

शालीची सुरुवात ९ टाक्यांनी होते. एक साधी फेरी झाल्यावर पुढील फेरीत टाके १८ होतात. त्यानंतर ३ साध्या फेऱ्या आणि ३६ टाके. ६ फेऱ्या आणि ७२ टाके. १२ फेऱ्या आणि १४४ टाके. २४ फेऱ्या आणि २८८ टाके. ४८ फेऱ्या आणि ५७६ टाके असा क्रम चालतो. वाढीच्या फेरीत प्रत्येक टाक्याबरोबर लोकर एकदा सुईवरून घेतात. त्यामुळे टाके दुप्पट होतात आणि बारीक छिद्रांचे एक कडे उमटते. ९ पासून ५७६ टाक्यांपर्यंत पोहोचताना केवळ सहा फेऱ्यांत वाढ करावी लागते. उरलेल्या फेऱ्या विणताना काहीही लक्षात ठेवण्याची गरज नसते.

टाके असे एकदम दुप्पट केल्यावर कापडाला चुण्या पडतील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. सुईवर असताना शाल तशी दिसतेही. परंतु वाढीच्या आधीच्या फेऱ्या किंचित घट्ट आणि नंतरच्या किंचित सैल असल्या तरी लोकर लवचिक असल्याने हा फरक सामावला जातो. विणून झालेली शाल भिजवून, ताणून, टाचण्यांनी सपाट पसरून वाळवली की ती एकसारखे वर्तुळ धारण करते.

या रचनेचा दुसरा फायदा नक्षीच्या दृष्टीने आहे. दोन वाढींमधील पट्ट्यात टाक्यांची संख्या स्थिर राहते. ७२, १४४, २८८ या संख्यांना २, ३, ४, ६, ८, ९, १२ अशा अनेक संख्यांनी पूर्ण भाग जातो. त्यामुळे तितक्या टाक्यांची कोणतीही जाळीदार नक्षी पट्ट्यात बरोबर बसते. साधी विणली तर नवशिक्यालाही जमणारी आणि जाळी घातली तर अनुभवी हातालाही गुंतवून ठेवणारी अशी ही एकच रचना आहे. जाड लोकर व मोठ्या सुया घेतल्या तर थोड्या फेऱ्यांत उबदार पांघरूण तयार होते. बारीक लोकरीत तीच शाल तलम होते.

शालीची कड विणण्यासाठी काही टाके वेगळे घालून एक अरुंद पट्टी आडवी विणतात आणि प्रत्येक दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिचा एक टाका शालीच्या एका टाक्याबरोबर एकत्र विणतात. अशा रीतीने शालीचे टाके एकेक करून बंद होत जातात आणि कड ताठ न होता लवचिक राहते. ५७६ टाक्यांसाठी पट्टीच्या ११५२ ओळी विणाव्या लागतात. त्यामुळे भरभर होणाऱ्या या शालीत सर्वांत सावकाश होणारा भाग तिची कडच असते.

इतर रचना

'बेबी सरप्राइज जॅकेट' हे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेले बाळाचे जाकीट झिमरमन यांच्या सर्वाधिक लोकप्रिय रचनांपैकी एक आहे. १६० टाक्यांनी सुरू होणारा हा तुकडा दोन्ही बाजूंनी सुलटच विणला जातो. ठरावीक दोन जागी आधी टाके कमी करत आणि नंतर वाढवत गेल्यावर एक वेडावाकडा तुकडा तयार होतो. पूर्ण झाल्यावर कागदी खेळण्यासारख्या घड्या घातल्या की त्यातून बाह्यांसह जाकीट साकारते. शिवायचे असते ते केवळ दोन्ही खांद्यांवर. विणत असताना वस्त्राचा आकार लक्षात येत नाही, यावरून त्याला हे नाव पडले.

विणलेल्या गोल दोरीचा वापरही त्यांनी रूढ केला. दोन्हीकडे टोक असलेल्या सुईवर तीन टाके विणायचे आणि सुई न फिरवता ते दुसऱ्या टोकाकडे सरकवून पुन्हा विणायचे, अशी ही दोरी होते. इंग्रजीत तिला पूर्वी मूर्खपणा सुचवणारे नाव होते. झिमरमन यांनी त्यातील केवळ आद्याक्षर ठेवून 'आय-कॉर्ड' हे सौम्य नाव प्रचारात आणले. स्वेटरच्या कडा, काजे आणि खिसे यांसाठी त्यांनी या दोरीचे अनेक उपयोग दाखवले.

कमी वेळात होणाऱ्या वस्त्रांकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. 'निटर्स अल्मनॅक'मध्ये डिसेंबर महिन्यासाठी दिलेला स्वेटर नाताळाच्या तोंडावर घाईने विणण्यासाठीच आहे. जाड लोकर, मोठ्या सुया, शिवणींचा अभाव आणि मोजदाद कमी करणारी रचना ही त्यांची वेळ वाचवण्याची साधने होती. टाक्यांचा दर्जा किंवा लोकरीची प्रत यांत तडजोड करणे त्यांना पसंत नव्हते.

अध्यापन आणि लेखन

१९६० च्या दशकात मिलवॉकीच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राने 'द बिझी निटर' ही त्यांची मालिका तयार केली. कॅमेऱ्यासमोर एक संपूर्ण स्वेटर टप्प्याटप्प्याने विणून दाखवणारा हा कार्यक्रम इतर केंद्रांवरूनही दाखवला गेला. त्यामुळे वार्तापत्राच्या मर्यादित वर्गाबाहेर त्यांचे नाव पोहोचले.

१९७१ मध्ये स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेने 'निटिंग विदाउट टीअर्स' हे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. टक्केवारी पद्धत, गोल विणकाम आणि स्वेटर कापण्याची रीत त्यात सविस्तर दिली आहे. विणकामाच्या पुस्तकांतील त्रोटक, संक्षेपांनी भरलेल्या भाषेऐवजी त्यांनी पूर्ण वाक्यांत, विनोदी आणि ठाम शैलीत लिहिले. त्यांच्या सूचना शेजारी बसून सांगितल्यासारख्या असतात. त्यामुळे ही पुस्तके नमुने न विणणारेही वाचनासाठी घेतात.

१९७४ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातर्फे शेल लेक येथे विणकामाचे शिबिर घेतले. तेथूनच वार्षिक 'निटिंग कॅम्प'ची परंपरा सुरू झाली. दरवर्षी देशभरातून येणारे विणकर तेथे एकत्र राहून एकमेकांच्या युक्त्या शिकत. पुढे त्याची धुरा मेग स्वॅनसन यांनी सांभाळली. या शिबिरांतून शिकलेल्या अनेकांनी नंतर स्वतंत्र रचनाकार म्हणून नाव मिळवले.

१९८१ मध्ये 'निटिंग वर्कशॉप' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या आधारे दूरचित्रवाणी मालिकाही झाली; तिच्या चित्रफिती विणकाम शिकणाऱ्यांत बराच काळ वापरात होत्या. १९८९ मधील 'निटिंग अराउंड' या पुस्तकात रचनांच्या जोडीने त्यांनी आपल्या बालपणाच्या, युरोपातील शिक्षणाच्या आणि अमेरिकेतील संसाराच्या आठवणी लिहिल्या.

मृत्यू आणि वारसा

'निटिंग अराउंड'नंतर त्या हळूहळू सार्वजनिक कामातून निवृत्त झाल्या. ३० नोव्हेंबर १९९९ रोजी विस्कॉन्सिनमधील मार्शफील्ड येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने त्यांच्यावर सविस्तर मृत्युलेख प्रसिद्ध केला. घरगुती कौशल्य मानल्या गेलेल्या क्षेत्रातील व्यक्तीची राष्ट्रीय दैनिकाने अशी दखल घेणे ही त्या काळी विशेष बाब होती.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तरुण पिढीत हाताच्या विणकामाची आवड नव्याने वाढली, तेव्हा त्यांच्या पुस्तकांना नवा वाचकवर्ग मिळाला. विस्कॉन्सिन विद्यापीठात २००६ मध्ये त्यांच्या व स्कूलहाउस प्रेसच्या प्रभावावर प्रदर्शन भरवण्यात आले. २०१० मधील त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त पाय शालीच्या नव्या नक्षींच्या आवृत्त्या रचल्या गेल्या आणि अनेक देशांतील विणकरांनी त्या विणल्या. सुलट टाक्यांच्या त्यांच्या रचनांचा 'निट वन, निट ऑल' हा संग्रह २०११ मध्ये त्यांच्या पश्चात प्रकाशित झाला.

पाय शालीची अर्धवर्तुळाकार, चौकोनात बसवलेली आणि विविध जाळ्यांची असंख्य रूपे पुढील रचनाकारांनी केली आहेत. झिमरमन यांना हेच अभिप्रेत होते. नमुना म्हणजे हुकूम नसून सुरुवात आहे, ही त्यांची भूमिका होती. शालीचे आकडे पाठ करणाऱ्याला एक शाल मिळते, तर त्यामागील प्रमाण समजलेल्याला कोणत्याही लोकरीची, कोणत्याही आकाराची शाल रचता येते. ज्या संपादकीय बदलामुळे त्यांनी वार्तापत्र सुरू केले, त्याला त्यांनी दिलेले हे सर्वांत टिकाऊ उत्तर ठरले.

प्रकाशित पुस्तके

निटिंग विदाउट टीअर्स (१९७१)
निटर्स अल्मनॅक (१९७४)
निटिंग वर्कशॉप (१९८१)
निटिंग अराउंड (१९८९)
द ओपिनियनेटेड निटर (२००५, मरणोत्तर)
निट वन, निट ऑल (२०११, मरणोत्तर)